साडूसाठी वाढवलेला ऑस्कर

१८ जानेवारी, रविवार. संध्याकाळी सात.
आज जे झालं ते तारीख घालून लिहून ठेवणं जरूर आहे. माणूस विसरतो. मला विसरायचं नाही.
मुरलीधर, माझा साडू, सदर भागात नवीन घरात राहायला गेला. आज वास्तुशांत. लोकांनी घड्याळं आणली, गणपती आणले. मी सात गप्पी मासे नेले. घरचे. निळ्या शेपटीचे, तीन पिढ्या मी स्वतः वाढवलेले. काचेची बरणी, तोंडाला जाळीचं फडकं, वर रिबीन. मुरलीधर म्हणाला, "वा श्याम, राजासाहेबांची आठवण ठेवलीस." आणि पन्नास माणसांसमोर बरणी आपल्या सहा फुटी टाकीत उलटी केली.
राजासाहेब म्हणजे त्याचा फ्लॉवरहॉर्न मासा. सव्वा वीत लांब, लालभडक, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. सगळे गिळायला त्याला दीड मिनिट लागलं. सातवा गप्पी पाइपामागे लपला होता. कोणीतरी म्हणालं, हा हुशार निघाला. मग तोही गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मुरलीधरनं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की आजच्या सगळ्या भेटींत हीच त्याला जास्त आवडली.
जेवलो. श्रीखंड दोनदा घेतलं, कोणाला संशय येऊ नये म्हणून.
सूड घेणार.

१९ जानेवारी. ऑफिसात, दुपारी.
बायकोचं, सुमेधाचं, म्हणणं, जिजाजींचा गैरसमज झाला, त्यांना वाटलं माशाचं खाणं आणलं, एक फोन करा, ते हात जोडून माफी मागतील. हेच मला नको. माफी मागितली की प्रकरण संपतं.
अठ्ठावीस वर्षं सिंचाई विभागात नकाशे काढतो आहे. नियोजन माझ्या रक्तात आहे. ट्रेसिंग पेपरवर प्लॅन तयार केला. मुरलीधरची साठी २२ नोव्हेंबरला. तोपर्यंत एक असा मासा वाढवायचा की राजासाहेब त्याच्यासमोर किरकोळ दिसावा. त्या दिवशी तो भेट द्यायचा. मुरलीधर सवयीप्रमाणे न बघता टाकीत सोडणार. पुढचं मासा बघून घेईल. माणसं तीच पन्नास असावीत, एवढीच अपेक्षा.
आजपासून सकाळी फिरायलाही जाणार. शत्रूला पोट सुटलं आहे, मला नको.

२२ जानेवारी.
इथल्या गोरखपूर बाजारात सुखरामच्या दुकानातून ऑस्कर मासा आणला. दोन इंच. काळा, अंगावर निखाऱ्यासारखे ठिपके. सुखराम मूळचा भंडाऱ्याकडचा, मराठी बोलायला मिळालं की दुकान सोडून बोलतो. म्हणाला महिन्याला इंचभर वाढते, वर्षात फूट. मी तिथल्या तिथे हिशेब केला: नोव्हेंबरात बारा इंच. त्यानं टाकी किती फुटांची विचारलं. दोन, म्हटलं. तो म्हणाला, "साहेब, मंग तो वळन कसा?"
दुकानदाराला मोठी टाकी खपवायची असते. लक्ष दिलं नाही.
नाव ठेवलं: सेनापती. उरलेले गप्पी व्हरांड्यात टबात हलवले. त्यांना कारण समजावं अशी अपेक्षा नाही.
फिरायला गेलो नाही. थंडी.

५ फेब्रुवारी.
सेनापती गोळ्या खातो. तोंडात घेतो, चावतो, अर्ध्या कल्ल्यांतून बाहेर सोडतो. पाणी ताकासारखं. फिल्टर दिवसातून दोनदा धुतो आहे. सुमेधानं विचारलं, काय करून राहिले तुम्ही बाथरूममध्ये तासभर. म्हटलं, स्वच्छता.
वाढीचा आलेख कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

२ मार्च.
गोळ्यांनी सैनिक तयार होत नाहीत. बरगीला साइटवर गेलो होतो, तिथे धरणावरच्या लहानूनं ताजे झिंगे दिले. आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. म्हणून डब्यात भरले, डब्यावर चिठ्ठी लावली "अंबाडीची भाजी" आणि फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवला.
सुमेधाला अंबाडी आवडते, हे ध्यानात राहिलं नाही.
फ्रीज तिनं तीनदा पुसला. दुपारचं जेवण झालं नाही, संध्याकाळचंही नाही. उद्यापासून गांडुळं. घरामागच्या ओल्या मातीत भरपूर आहेत.

९ मार्च.
खुरपं घेऊन मागे बसलो होतो. शेजारच्या बेबीताईंनी विचारलं, काय लावून राहिले. मी कोथिंबीर म्हटलं. त्या म्हणाल्या, उगवली की सांगा.
सेनापती गांडूळ शेवईसारखं ओढून घेतो. डोळ्यांत मात्र राग दिसतो. उत्तम.

१७ एप्रिल.
पाच इंच. आलेखाच्या पुढे. टाकीतली सगळी झाडं उपटली, खडे एका कोपऱ्यात लोटले, थर्मामीटर फोडला. लढवय्याची लक्षणं.
अडचण एकच. वळताना नाक काचेला लागतं. खालच्या ओठावर खरचटून पांढरा डाग आला. चार फुटी टाकी हवी, आणि हॉलमध्ये जागा फक्त दिवाणाची. दिवाण सुमेधाच्या माहेरचा. आज तिच्याशी ठाम बोलायचं ठरवलं. चार मुद्दे कागदावर लिहून घेतले. मी घसा साफ करत होतो तेवढ्यात तिनंच म्हटलं, "काहून हाल करून राहिले त्या जिवाचे? वळतासुद्धा येत नाही त्याला. दिवाण व्हरांड्यात टाका नं."
माझ्या बोलण्यात वजन आहे. न बोलताही पोचतं.

२३ मे. दुपारी दोन.
चव्वेचाळीस डिग्री. अकरापासून लाइट नाही. हवेचा पंप बंद. पाणी कोमट, सेनापती वर येऊन तोंड उघडतो आहे. बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडल्या. मी मगानं पाणी उचलून वरून ओततो आहे, म्हणजे त्यात हवा जाते. सुमेधा पेपरानं वारा घालते आहे. माशाला वारा लागत नाही, हे सांगितलं नाही. मलाही थोडा लागत होता.
नंतर लिहितो: साडेचारला लाइट आली. दोघं पाणी प्यायलो, मग टाकीसमोरच जमिनीवर आडवे झालो. ती म्हणाली, वाचला. मी म्हटलं, वाचायलाच पाहिजे, काम बाकी आहे. तिनं कुठलं ते विचारलं नाही.

२६ मे.
सुमेधानं बहिणीला सांगितलं, विनताताईंनी मुरलीधरला. आज त्यानं माणूस पाठवून आपला जुना इन्व्हर्टर आमच्याकडे बसवून दिला. सोबत लंगडा आंब्यांची पेटी. फोनवर म्हणाला, आमच्या राजासाहेबांनाही मागच्या उन्हाळ्यात असाच त्रास झाला, जीव कासावीस होतो रे.
शत्रू स्वतःच्या हातानं माझ्या सैन्याला रसद पुरवतो आहे. इतका निर्बुद्ध माणूस साठ वर्षांचा कसा झाला.
आंबे चांगले होते.

१२ जुलै.
आठ इंच. सुमेधा त्याला गोलू म्हणते. हाक मारली की तो काचेला नाक लावून उभा राहतो आणि शेपूट हलवतो. मी सेनापती म्हणून हाक मारली. आला नाही. मोठ्यानं मारली. फिल्टरमागे गेला.
रोजच्या व्यवहारात सोयीसाठी मीही गोलू म्हणतो. दफ्तरी नाव सेनापतीच.

३० ऑगस्ट, रविवार.
युद्धसराव सुरू. टाकीला बाहेरून आरसा लावला, म्हणजे समोर शत्रू दिसावा. त्यानं बघितलं, काळा पडला आणि तळाशी कुशीवर झोपला. सुमेधानं किंचाळून मला स्वयंपाकघरातून बोलावलं. मेला असं वाटलं. सुखरामला फोन केला. तो म्हणाला, मेला नाही, रुसला. ऑस्कर रुसते.
आरसा काढला. संध्याकाळी पाचला उठला. तोपर्यंत मी दाढीही केली नव्हती.

६ सप्टेंबर.
आरशात दोष होता. नवीन पद्धत: लाल प्लॅस्टिकचा चेंडू, त्यावर काळ्या रंगानं डोळे काढले आणि वर मेणाचं टेंगूळ चिकटवलं. हुबेहूब राजासाहेब. पाण्यावर सोडला. सेनापतीनं नाकानं ढकलला. मी म्हटलं, शाबास. मग तो चेंडू ढकलत टाकीभर फिरला. परत ढकलला. सुमेधा इतकी हसली की तिला ठसका लागला. आमच्या घरात असं हसणं बऱ्याच दिवसांनी झालं.
आता तो चेंडूला चिकटून झोपतो.
सराव पुढच्या आठवड्यापासून कडक करणार.

२८ सप्टेंबर.
सेनापतीनं चार दिवस काही खाल्लं नाही. पोट फुगलं आहे, एका बाजूला कलून पोहतो. ऑफिसातून अर्धी रजा घेतली. कारण लिहिलं: घरी आजारपण. साहेबांनी विचारलं कोणाला. म्हटलं, पोटाचं आहे. साहेब म्हणाले, मिसेसना आराम द्या.
सुखराम घरी येऊन बघून गेला. गांडुळं जास्त झाली. बंद करा. मटार उकडून, साल काढून द्या, आणि रोज थोडं पाणी बदला.

१ ऑक्टोबर.
सुमेधानं मटार सोलले, बोटांत धरून पाण्यात हात घातला. गोलू बराच वेळ नुसता बघत होता. मग घेतला. एक, दोन, पाच. ती डोळे पुसत होती. मी बादली आणायला गेलो. बादली भरलेलीच होती, तरी गेलो.
डोळ्यांना क्लोरिनचा त्रास होतो आहे. नळाच्या पाण्यात जास्त टाकून राहिले.

१ नोव्हेंबर, रविवार.
सव्वा अकरा इंच. एकवीस दिवस राहिले. सुखरामकडे गोळ्या आणायला गेलो आणि सहज, कोणाचं नाव न घेता विचारलं, की समजा एखादा ऑस्कर एखाद्या फ्लॉवरहॉर्नच्या टाकीत सोडला.
तो वजन करता करता थांबला. म्हणाला, "तसं करू नका साहेब. फ्लॉवरहॉर्न त्याले फाडून टाकते. ऑस्कर दिसते मोठा, पण गरीब जनावर आहे. भांडत नाही. कोपऱ्यात जाऊन उभा राहते."
मी सांगितलं, सगळे ऑस्कर सारखे नसतात. त्यानं विचारलं, कोणाचा आहे. म्हटलं, आहे एका ओळखीच्याचा.
घरी येऊन बघितलं. सेनापती कोपऱ्यात उभा होता. पण तो त्याचा आवडता कोपरा आहे. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

१५ नोव्हेंबर.
योजना पुढे ढकलण्याचा विचार. भीती म्हणून नव्हे. आलेखात बारा इंच लिहिलं आहे आणि तो साडेअकरा आहे. अपुऱ्या तयारीनं चढाई करणं बरोबर नाही. शिवाय थंडी पडली, प्रवासात पाणी गार होईल. माणूस एकसष्टीलाही गाठता येतो. पासष्टीलाही.
सुमेधाला म्हटलं, मुरलीधरला शाल देऊ. ती म्हणाली, मी कालच आणून ठेवली.

१९ नोव्हेंबर. सकाळी.
मुरलीधरचा फोन. आवाज बसलेला, जणू झोपेतून उठला आहे. म्हणाला, "श्याम, रविवारी या दोघंही. पण येताना काही आणू नको हं. मासेबिसे तर बिलकुल नको." मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.
मासेबिसे.
दहा महिने झाले तरी त्याला ती गंमतच वाटते. वर बजावून सांगतो. पन्नास लोकांत परत सांगेल, की श्यामला मी आधीच ताकीद दिली होती.
योजना कायम. साडेअकरा पुरे.

२० नोव्हेंबर.
सुमेधाला सांगितलं, गोलू मुरलीधरला देऊन राहिलो साठीनिमित्त. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, "तो राजासाहेब त्याला एका दिवसात मारून टाकेल. ठाऊक आहे नं तुम्हाला?" मी म्हटलं, उलटंही होऊ शकतं. ती माझ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं झाली लग्नाला, पण असं बघितलेलं आठवत नाही.
त्यानंतर बोलणं बंद आहे. मटार मात्र सोलून झाले.

२२ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी.
जसं झालं तसं लिहितो.
सकाळी त्याला झाकणाच्या मोठ्या बादलीत घेतलं. धरताना तो पळाला नाही. हातात आला. ऑटोत सुमेधानं बादली मांडीजवळ घेतली आणि झाकण थोडं सरकवून सगळा रस्ता हात पाण्यात ठेवला. सदरच्या चौकात वळलो तेव्हा मी ऑटोवाल्याला म्हणालो, भैया, वापस ले लो, कुछ भूल गए हैं. तो म्हणाला, साब, आ तो गए. खरंच आलो होतो. मुरलीधर फाटकातच उभा होता.
मी ठरवलं की बादली ऑटोतच राहू द्यायची, शाल द्यायची, जेवायचं आणि सगळं घेऊन परत यायचं. पण त्यानं पुढे होऊन सुमेधाच्या हातून बादली घेतली. झाकण उघडलं. आत बघितलं.
मग तो तिथेच पायरीवर बसला, नव्या सिल्कच्या कुर्त्यासकट, बादली दोन पायांमध्ये धरून.
राजासाहेब बुधवारी गेला. आठवडाभर खात नव्हता. मुरलीधरनं कोणाला सांगितलं नाही. म्हणाला, घरात साठीचं कार्य, पाहुणे येऊन राहिले, आणि यजमानानं माशासाठी रडायचं, लोक काय म्हणतील. टाकीवर त्यानं चादर टाकली होती. विनताताई म्हणाल्या, चार दिवसांत दोन घास धड खाल्ले नाहीत यांनी, पण मी सुमेधालासुद्धा बोलले नाही, तुम्हाला कळलं कसं, श्यामराव?
मुरलीधरनं मान वर केली. गाल ओले होते. तोही तेच विचारत होता. मागे दारात ती सगळी माणसं उभी होती, वास्तुशांतीचीच.
मी म्हटलं, "कळलं. तुमच्या आवाजावरून."

त्यानं बादली उलटी केली नाही. अर्धा तास लावला. त्याच्या टाकीतलं पाणी, माशाला सवय व्हावी म्हणून, मगानं थोडं थोडं बादलीत घातलं, मग दोन्ही हातांनी उचलून सोडलं. टाकी सहा फुटी. गोलू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, मध्ये कुठे न वळता.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. या वेळी मुरलीधरनं मला पुढे उभं केलं.
परत येताना सुमेधा बोलली. म्हणाली, मी तुमच्याबद्दल भलतंच समजले, माफ करा. मी मोठ्या मनानं माफ केलं. बादली रिकामी होती, तरी तिनं धरून ठेवली.

२४ नोव्हेंबर.
मुरलीधरचे काल चार फोन, आज सकाळपासून सहा. गोलू तळाशी कुशीवर पडला आहे, मेला का. सांगितलं, रुसला आहे, दोन दिवस लागतात. बाराला परत फोन. ऑफिसातून निघून जाऊन आलो. रुसलाच होता. मला बघून उठला. निदान अर्धा उठला. चेंडू घरी राहिला होता, तो नेऊन दिला. मुरलीधरनं विचारलं, डोळे कोणी काढले, छान आहेत, आणि हे वर काय आहे. मी मेणाचा गोळा उपटून खिशात टाकला.
शत्रूला हे मासे वाढवणं जमणार नाही. पाणी बदलायची पद्धत चुकीची, गोळ्या जास्त टाकतो. माझ्याशिवाय त्याचं अडतं. एका अर्थी आता तो पूर्णपणे माझ्या ताब्यात आहे.

२६ नोव्हेंबर.
हॉलमधली टाकी रिकामी आहे. सुमेधा म्हणाली दिवाण परत आत आणू का. म्हटलं, बघू. सकाळी उठून सवयीनं पंप चालू केला. बंद करायचा राहिला. दिवसभर बुडबुडे येत होते.
गप्पी परत घ्यावेत म्हणून टब बघितला. फार लहान दिसतात.

२९ नोव्हेंबर, रविवार.
मुरलीधरकडे टाकीचं पाणी बदलायला गेलो. त्याची पाठ धरली आहे, साठी झाली माणसाची. त्याच्या बाथरूममधून त्याच्या हॉलपर्यंत सतरा बादल्या मी वाहिल्या. तो स्टुलावर बसून गोलूला मटार देत होता. गोलू त्याच्या बोटांतून घेतो. एकदा माझ्याकडेही आला. माझ्या हातात काही नव्हतं, तरी थांबला थोडा वेळ. सुमेधा आणि विनताताई सोफ्यावर बसून मटार सोलत होत्या.
शेवटची बादली निसटली. पँट गुडघ्यापर्यंत भिजली. विनताताईंनी मुरलीधरचा पायजमा काढून दिला. कंबरेत फार सैल, नाडी दोनदा गुंडाळून बांधली. तसाच ऑटोनं घरी आलो. गोरखपुरात बेबीताई भेटल्या, त्यांनी पायजम्याकडे बघितलं आणि कोथिंबिरीचं विचारलं नाही.
पायजमा धुवून पुढच्या रविवारी परत करावा लागेल. म्हणजे जाणं आलंच.